लॉनवर मेलेला इंग्रज

छातीवर बूट होता. पांढरा, पळायचा, तळाला लॉनची ओली माती लागलेला. बुटाच्या वर चुडीदार, त्याच्या वर जरीचा अंगरखा, त्याच्या वर डिंकानं चिकटवलेल्या मिशा आणि सगळ्यात वर तुरा लावलेला फेटा. हे बी विंगमधले सरदार. मोजड्या चावत होत्या म्हणून त्यांनी बूट घातले होते.

"मान जरा तिकडं कर," सरदार म्हणाले. "आणि तोंड उघडं ठेव. नॅचरल वाटलं पाहिजे."

मी तोंड उघडं ठेवलं.

फोटो काढणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "अहो, पाय नीट ठेवा ना. नुसता टेकवल्यासारखा दिसतोय."

सरदारांनी पाय नीट ठेवला. माझ्या बरगडीतनं कसलातरी बारीक आवाज आला. त्यात नाकाला खाज सुटली. तोंडाला पावडर फासलेली, वरून ऊन, खाली घाम. मेलेल्याला काय काय सोसावं लागतं ते मेल्याशिवाय कळत नाही. मी हळूच एक बोट नाकाकडं नेलं, आणि स्टेजवरून अध्यक्षसाहेब माईकवर बोलले, "अहो गोरे साहेब, मेल्यावर खाजवत नाहीत."

सगळं लॉन हसलं. मीही हसलो. ही माझी जुनी खोड. लोक मला हसायला लागले की मी त्यांच्यात सामील होतो, म्हणजे नक्की कुणाला हसताहेत ते मलाच कळत नाही.

शेजारी रामविलास मेलेला होता. पोहण्याचा तलाव साफ करतो, बिहारकडचा आहे. ओठ न हलवता तो म्हणाला, "भैया, हिलो मत. फोटो बिगड़ा तो फिर से मरना पड़ेगा."

मी हललो नाही.

आता हे काय चाललं होतं ते सांगतो. मी माळी. महाळुंग्याच्या एका मोठ्या सोसायटीत कंत्राटदाराच्या मार्फत कामाला होतो. जातीनं धनगर. घर घोटावड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला लागून. आय अजून शेरडं राखते. मी शेरडं सोडली आणि लॉन धरलं. पहिलं गवत शेरडं खायची आणि मी त्यांच्यावर नजर ठेवायचो. सोसायटीत गवत मशीन खायचं आणि सुपरवायझर माझ्यावर नजर ठेवायचा. म्हणजे प्रगतीच म्हणायची. बारावीपर्यंत शिकलो, इतिहासात नापास झालो. पुढं त्याच इतिहासात मला काम मिळालं.

दोनशे वर्षांमागं इंग्रजांची आणि पेशव्यांच्या फौजेची लढाई झाली, ती गणेशखिंडीच्या खालच्या माळावर, खडकीच्या बाजूला. आज तिथं सिग्नल आहेत, कॉलेजं आहेत, मेट्रोचे खांब आहेत. तिथून जाताना माणूस फक्त पुढच्या गाडीला शिव्या देतो. आमची सोसायटी तिथून चांगली लांब. पण फ्लॅट विकायला जे गुळगुळीत रंगीत पुस्तक काढलं होतं, त्यात ती लढाई सरकत सरकत आमच्या क्लबहाउसपर्यंत आली. घोडदळाची एक तुकडी म्हणे इथूनच दौडत गेली. माझ्या आज्यानं या माळावर उभा जन्म मेंढरं बसवली. त्याला तरी इथं लेंड्यांशिवाय काही पडलेलं दिसलं नव्हतं. पण आज्याला कोण विचारतो.

तर दिवाळी झाली की सोसायटी ही लढाई लॉनवर लढायची. पहिल्याच वर्षी अडचण आली. लढाई आपण हरलो होतो. समितीच्या बैठकीत मी कुंड्या हलवत होतो, तेव्हा अध्यक्षसाहेबांना बोलताना ऐकलं, "सणाचे दिवस. लोक पोराबाळांना घेऊन येणार. त्यांना हरलेलं कसं दाखवायचं?" बरोबरच होतं. मग आपण जिंकायचं ठरलं. जिंकायचं तर इंग्रज मरायला हवेत, आणि मरायला आधी इंग्रज व्हायला हवेत. सोसायटीत इंग्रजी बोलणारे पायलीचे पन्नास, पण इंग्रज व्हायला एक तयार होईना. सरदार व्हायला मात्र रांग लागली. नागपूरचे सरदार, लातूरचे सरदार, सांगलीचे सरदार, सगळे आयटीतले. सरदारच इतके झाले की त्यांच्या हाताखाली द्यायला शिपाई उरेना.

मग सुपरवायझरनं आम्हाला मागच्या गेटजवळ ओळीनं उभं केलं. माळी, वॉचमन, तलाववाला, कचरा उचलणारे. आणि म्हणाला, "तुमी इंग्रज."

तोंडाला टाल्कम पावडर फासली. काळ्या तोंडाला पांढरी पावडर लावली की माणूस इंग्रज दिसत नाही, पिठाच्या गिरणीतनं आल्यासारखा दिसतो. लाल कोट आणले ते लग्नाच्या बँडवाल्याकडून. त्यांच्या पाठीवर सोनेरी धाग्यानं बँडचं नाव आणि मोबाइल नंबर भरलेला. म्हणून सक्त सूचना अशी, की इंग्रजांनी पाठ दाखवायची नाही आणि पडताना उताणंच पडायचं. इतकं शूर सैन्य खऱ्या इंग्रजांनाही मिळालं नसेल. आम्ही एकदाही पाठ फिरवली नाही.

पहिल्या वर्षी मी फार जीव तोडून मेलो. पोटात तलवार बसल्याबरोबर दोन गिरक्या घेतल्या, छाती धरली, आकाशाकडं पाहिलं आणि धाडकन मागं गेलो तो कारंज्यात. पावडर धुऊन निघाली. इंग्रज म्हणून बुडालो आणि मराठा होऊन वर आलो. सरदारांना कळेना, मारायचं का मिठी मारायची. लोक हसून हसून पडले. पुढं आठवडाभर मला लिफ्टजवळ थांबवून पोरं म्हणायची, काका, परत करून दाखवा ना. मी करून दाखवायचो.

मला त्यात मजा वाटायची, हे कशाला लपवू. आणि दुसरंही होतं. कंत्राटी माणसाला काही महिने झाले की घरी बसवतात, परत बोलावतात, परत बसवतात. सोसायटीच्या स्वतःच्या स्टाफवर घेतलं की ते संपतं. पगारी रजा मिळते. दुखलं-खुपलं तर दवाखाना मिळतो. आयचा गुडघा गेलेला. तिला डोंगर चढवत नाही तरी ती शेरडांमागं चढते, कारण माझ्या कामाचा भरवसा नाही. मला स्टाफवर घ्यायचं अध्यक्षसाहेबांच्या हातात होतं, आणि ते दरवर्षी म्हणायचे, "यंदा जरा मनापासून मर. मग बघू तुझं."

मी दरवर्षी मनापासून मरत आलो.

यंदा तर धीर करून मी त्यांना म्हटलं होतं, "साहेब, या वर्षी मला एखादं वाक्य द्या की. मरायच्या आधी म्हणतो."

"इंग्रजाला वाक्य?" ते म्हणाले. "तुला इंग्लिश येतं का?"

"येस सर."

"झालं की मग. हेच तुझं वाक्य."

त्याही वेळी सगळे हसले आणि मीही हसलो.

तर तो बुटाचा फोटो झाला. मग दुसऱ्या सरदारांनाही तसाच हवा होता. मग त्यांच्या मेव्हण्यांना. लढाई कधीच संपली होती, बक्षिसं वाटून झाली होती, तिकडं टेबलांवर खाणं मांडलं होतं, आणि मेलेल्यांना उठा म्हणायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. आम्ही आपले लॉनभर उताणे. लोक आम्हाला ओलांडून प्लेटा घेऊन जात होते. एका बाईंच्या समोशातला बटाटा माझ्या कपाळावर सांडला. त्या "सॉरी" म्हणाल्या. मी मेलेलो होतो म्हणून "असू द्या" म्हणता आलं नाही.

त्या समोशासाठी कावळा आला. माझ्या डोक्यावर बसला, कपाळावरचा बटाटा टिपला, एक चोच जादा मारली आणि गेला. अध्यक्षसाहेब माईकवर म्हणाले, "व्वा, इतका रियल." टाळ्या पडल्या.

घरी येऊन मी हे सगळं आयला रंगवून सांगितलं. बुटाचं सोडून. बुटाचं का सोडलं, ते तेव्हा माझं मलाही कळलं नाही. जीभ तिथं आली आणि वळसा घालून पुढं गेली. कावळ्याचं मात्र दोन्ही हातांचे पंख करून सांगितलं. आय हसली नाही. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"डोक्यावर बसला?"

"बसला म्हंजे, जरा टेकला. समोसा खायला आलता."

"तू निजला व्हतास?"

"मेलो व्हतो ना, आये. मेल्यावर निजावंच लागतं."

"पिंडाला शिवतो तसा शिवलाय त्यो तुला," आय म्हणाली, आणि उठून तात्याला हाक मारायला गेली.

तात्या म्हणजे माझा चुलता, शेजारीच राहतो. आणि आयनं त्याला कशाला बोलावलं, तर आमच्याकडं जित्या माणसाच्या डोक्यावर कावळा बसला की त्याचं मरण जवळ आलं असं धरतात. त्यावर तोडगा एकच. लांब दिलेल्या बहिणीला नाहीतर मावशीला निरोप धाडायचा, की तो गेला. तिनं रडायचं. खरं समजून रडायचं, नाटक चालत नाही. रडून झालं की सांगायचं, जिता हाय. मरण तेवढ्या रडण्यावर समाधान मानून माघारी जातं म्हणे.

माझी बहीण सुली, लवळ्याला दिलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, सोमवार म्हणजे माझ्या सुट्टीचा दिवस, तात्या फोन हातात घेऊन अंगणात उभा राहिला.

"फोनवर चालतं का पर हे?" तो म्हणाला. "पूर्वी माणूस जायचा."

"मरान काय बघाया येतंय व्हय," आय म्हणाली, "माणूस आला का फोन आला?"

मी म्हटलं, "तात्या, कशानं मेलो ते ठरवा आधी. ती इचारंल."

"तू गप. मेलेल्यानं बोलू न्हाई."

घरातही तेच.

तात्यानं फोन लावला. "सुले, बस खाली. दादा गेला तुझा." पलीकडनं जी किंकाळी आली, ती ऐकून दारातली कोंबडी उडाली. आणि तिथंच फोन तुटला. आमच्या वाडीला रेंज अशी, की वारा फिरला की जाते. तात्या परत लावतोय, परत लावतोय. आय म्हणते, लाव की. तात्या म्हणतो, "लावतोय की. मेल्याचं लागलं, जित्याचं लागंना."

लागलंच नाही. तास-दीड तासानं खालच्या वळणावर गाडीचा आवाज आला आणि त्या आवाजाच्या वरून सुलीचा हंबरडा. दाजींच्या गाडीवर मागं बसून ती रडत आली होती. मी पुढं होणार, तर आयनं मला दंडाला धरलं आणि शेरडांच्या खोपटात ढकललं. "रडू दे तिला पुरतं. अर्धं रडलेलं फळत न्हाई."

असं मी बोकडाशेजारी बसून माझ्या नावाचं रडणं ऐकलं.

"माझ्या दादा रं," सुली अंगणात बसून म्हणत होती. "मला खांद्यावर घिऊन वढा वलांडनारा माझा दादा. सवताच्या ताटातली कुरडई माझ्या ताटात टाकनारा. सायकल शिकवताना मला इहिरीत घालनारा..."

पाण्याची चारी होती, विहीर नव्हती. मी खोपटातनं सांगणार होतो, पण मेलेल्यानं बोलू नये.

"माझ्या लगनात मांडवामागं जाऊन रडला, आन डोळ्यात धूर गेला म्हनला. मला ठावं हाय रं दादा, चूल कवाच इझली व्हती."

मी गुडघ्यात तोंड घातलं.

दरवर्षी मेलो होतो. लॉनवर, कारंज्यात, घसरगुंडीच्या पायथ्याशी. माझ्या मरणाला टाळ्या पडल्या होत्या. शिट्ट्या पडल्या होत्या. कुणी मेल्यावर कुणीतरी रडतं, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानातनं गेली होती. माझं मरण म्हणजे गंमत, हे त्यांनी ठरवलं आणि मी मान डोलावली. इकडं एक बाई मातीत बसून कुरडईचा हिशोब देत होती.

मी बाहेर आलो. सुलीनं पाहिलं. आधी तिचं तोंड उघडं राहिलं, मग तिनं उठून माझ्या कानाखाली अशी वाजवली की कावळ्याचं काय असेल नसेल ते तिथंच फिटलं. मग मिठी मारली. मग आयला शिव्या, तात्याला शिव्या, रेंजला शिव्या. चहा झाला. सगळं हसण्यावारी निघालं, आणि मी माझी लढाईची गोष्ट परत पहिल्यापासून सुरू केली, पंख बिंख करून.

सुलीनं मोबाइल काढला. "थांब," म्हणाली. तिची शेजारीण त्याच सोसायटीत धुण्याभांड्याला जाते. तुझा भाऊ नाटकात हाय म्हणून तिनं कालच कुणाच्यातरी मोबाइलवरचा फोटो हिला पाठवला होता.

"शेवटचा फोटू म्हनून वाटंनं ह्यो छातीला धरून आले," सुली म्हणाली. "तवा नीट बघितला न्हाई. दादा, ह्यो पाय कुनाचा?"

"सरदाराचा. बी विंगमधल्या."

"लढाई चालू व्हती?"

"न्हाई. संपलीती. फोटूसाठी ठेवला."

"संपलीती, मग तू उठला का न्हाईस?"

माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला एक विनोद तयार असतो. मी शोधला. सापडला नाही.

"स्टाफवर घेनार हायेत," मी म्हणालो.

आयनं मोबाइल मागून घेतला. तिला बारीक दिसत नाही. तिनं पदरानं काच पुसली, बोटं लागली आणि फोटो मोठा झाला. मी त्यातनं निघून गेलो. नुसता बूट राहिला. आय कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत होती. मग मोबाइल सुलीला परत दिला आणि शेरडं सोडायला गेली. ती काही बोलली असती तर मी काहीतरी उत्तर केलं असतं.

तेवढ्यात उंबरठ्यावर ठेवलेला माझा फोन वाजला. सुलीचा हंबरडा तिच्या शेजारणीनं ऐकला होता आणि ती तशीच सोसायटीत कामावर जाऊन सांगून बसली होती. तात्यानं उचलला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडं सुपरवायझर होता.

"कोन, चुलतं का? वाईट झालं. काल तर बरा व्हता. चांगला मेला व्हता." थोडा थांबला. "बरं, त्यो लाल कोट धुवायला त्याच्याकडंच हाय. लगनाची सुपारी हाय, बँडवाला मागं लागलाय. आन घरात त्याच्या मापाचा कोनी हाय का?"

"कशाला मापाचा?" तात्यानं विचारलं.

"ड्रोनचं शूटिंग बिघडलंय. रविवारी लढाई परत घ्यायचीय. कोट बसला पायजे."

तात्यानं माझ्याकडं पाहिलं. "हाय एक," तो म्हणाला. "त्याच्याच मापाचा. पाठवतो."

कोटाचं असं, की मी तो धुऊन कुंपणावर वाळत घातला होता आणि या सगळ्या रडारडीत बोकडानं त्याची एक बाही आणि बँडचा नंबर खाल्ला होता. पाठीवर आता नुसतं नाव राहिलं होतं.

रविवारी मी मागच्या गेटनं आत गेलो. वॉचमननं रजिस्टर पुढं केलं, मग माझं तोंड पाहिलं आणि खुर्चीतनं उठला. सोसायटीत बातमी पसरलेली. पोरं भूत भूत म्हणत धावली. कावळ्याचा तोडगा मी सगळ्यांना समजावून सांगितला, ते हसले. या वेळी मी हसलो नाही, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

अध्यक्षसाहेब म्हणाले, "अरे, आम्ही ग्रुपवर तुला श्रद्धांजली वाहिली. फुलं टाकली. बरं झालं आलास. चल, पटकन परत मर."

मी एका बाहीचा कोट घातला. पावडर लावून घेतली. हे का केलं ते सांगतो. माझं अजून ठरलं नव्हतं. आयचा गुडघा डोळ्यांसमोर होता. एवढ्या वेळा मेलो, अजून एकदा. असंच म्हणत आलो होतो.

ड्रोन वर गेला. हलग्या वाजल्या. सरदार धावत आले. आमचे लोक पडायला लागले, उताणे, शिस्तीत. रामविलास पडला. माझ्यासमोर तेच सरदार, तेच बूट. त्यांनी चंदेरी कागद लावलेली तलवार माझ्या पोटाला लावली आणि ते थांबले.

मी उभा होतो.

त्यांनी परत लावली. "पड ना," हळूच म्हणाले.

"न्हाई."

"अरे, तू पडायचंस आता."

"मला माहिताय. न्हाई पडत."

हलग्या थांबल्या. माईक बोलला, "काय झालं?" सरदार वळून म्हणाले, "हा पडत नाहीये." लोकांना वाटलं, मी काहीतरी नवीन गंमत करतोय. शिट्टी आली. पोरं म्हणाली, काका, कारंज्यात, कारंज्यात.

सरदार घामाघूम झाले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर दोन बोटं ठेवून ढकललं. मी डोंगराला वाढलेला माणूस, दोन बोटांनी हलत नाही. मग त्यांनी तळहात लावला, आणि मागून वहिनी म्हणाल्या, "अहो, व्हिडिओ चालू आहे." त्यांनी हात काढला.

"साहेब," मी म्हणालो, "पाडायचं असंल तर खरंच पाडावं लागंल. आपल्या आपन मी पडनार न्हाई. फोटूसाठी बी न्हाई."

अध्यक्षसाहेब माईक खाली ठेवून जवळ आले. आवाज बारीक केला. "स्टाफवर यायचंय ना तुला?"

यायचं होतं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणालाही यायचं होतं.

"यायचंय, साहेब. उभ्यानं."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागावले नव्हते. एखादी खुर्ची एकाएकी बोलली तर माणूस जसा बघेल तसं बघत होते. मग म्हणाले, "राहू दे मग," आणि सुपरवायझरला हात केला.

मी कोट काढला, घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि निघालो. रामविलासनं एक डोळा उघडला. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं डोळा मिटला. गेटपर्यंत पोचलो तेव्हा हलग्या परत सुरू झाल्या होत्या. एक इंग्रज कमी पडला म्हणून लढाई अडत नाही.

सोमवारी फोन आला की येऊ नका. त्याच आठवड्यात मी सूसच्या रस्त्यावर एका नर्सरीत रोजंदारीला लागलो. काम आहे तेव्हा आहे, नाही तेव्हा नाही. आयचा गुडघा तसाच. शेरडांमागं ती अजून चढते. मी फार शूर काम केलं असं कुणी म्हणालं तर मला तिची ती चढण आठवते. त्या फोटोवर ती कधी बोलली नाही. फक्त मी जेवायला बसलो की शेजारी येऊन बसते, पहिली बसायची नाही.

नंतर कधीतरी मोबाइलवर वाचलं की त्या खऱ्या लढाईत इंग्रजांच्या बाजूनं लाल कोट घालून उभे होते त्यांतले पुष्कळ आपल्याच मुलखातले होते. पोटाला मिळत होतं म्हणून उभे होते. म्हणजे आम्हाला इंग्रज केलं ते सोसायटीनं नकळत बरोबर केलं. त्यांची नावं कुठं सापडली नाहीत. मेल्यावर त्यांच्या छातीवर कुणी पाय ठेवला का, तेही कुणी लिहिलेलं नाही. मी इतिहासात नापास, पण हे लिहायचं राहिलंय एवढं मला कळतं. म्हणून माझ्यापुरतं तरी लिहून ठेवतोय.

आता दिवाळी तोंडावर आली आहे. सोसायटीत सरदारांची नावं नोंदवून घेणं सुरू झालंय म्हणून कळलं. महाळुंग्याला बांधकामामागं पत्र्याच्या खोल्या आहेत, तिथं कंत्राटी माणसं राहतात. मी सुट्टीच्या दिवशी तिथं जातो. त्यांना म्हणतो, कोट घालू नका. घातला तर पडू नका. पडलात तर लढाई संपल्याबरोबर उठा, कुणी उठा म्हणायची वाट बघू नका. ते चहा देतात. एक वॉचमन म्हणाला, "तुमचं बरंय दादा, तुमची शेरडं हायेत. आमच्यामागं काय हाय?" त्याचं चुकलं असं मला म्हणता आलं नाही.

रामविलास म्हणाला, "मर लेते हैं भैया, क्या जाता है."

मी म्हटलं, "फोटो अपनी माँ को भेजा था?"

तो कपातला चहा हलवत बसला. मी माझा संपवून उठलो.

अजून एकानंही हो म्हटलेलं नाही. सोमवारी मी परत जाणार आहे.